डावा गाल

४ नोव्हेंबर २००९, बुधवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने यांना जानेवारीत दिली होती. कोरीच पडून होती. आजपासून मी लिहिणार आहे, कारण उद्या माझ्या भावांनी विचारलं की तुला कधी कळलं, तर मला तारीख सांगता आली पाहिजे.

यांचं काहीतरी चाललं आहे.

लग्नाला अकरा वर्षं झाली. सकाळी ओट्यावर बसून दातांना तंबाखूचा गुडाखू घासल्याशिवाय हा माणूस कोणाशी बोलत नव्हता. मी सांगून थकले. गुंजन म्हणायची, बाबा, तुमच्या तोंडाचा वास येते. तरी सुटला नाही. आणि दिवाळी झाल्यापासून गुडाखूची डबी कोनाड्यात तशीच पडली आहे. काऊन सोडला म्हणून विचारलं तर म्हणाले, "असाच." बायकोच्या आणि पोरीच्या सांगण्याने जे अकरा वर्षांत सुटलं नाही ते असंच सुटत नाही. कोणाच्या तरी सांगण्याने सुटतं.

आज शर्ट धुवायला घेतला तर खिशाला लवंगेचा वास. माझ्या घरी लवंग मसाल्याच्या डब्यात असते, शर्टाच्या खिशात नसते.

७ नोव्हेंबर, शनिवार

जेवत नाहीत. दुकानातून आले की "तिकडे नाश्ता झाला" म्हणतात. कृषी केंद्रात दिवसभर कोण नाश्ता देते यांना? लाखोरीचं बियाणं न्यायला येणारे शेतकरी नाश्ता घेऊन येत नाहीत. ताटावर बसलेच तर भात वरणात कालवून हळूहळू गिळतात, भाजीला हात लावत नाहीत. मी सुकटीची चटणी केली होती, यांची आवडती. ताट बाजूला सारलं. चहा पार थंड होऊन साय धरते तेव्हा पितात.

सासूबाई म्हणाल्या, "धान चुरून राहिले तं दमला असन." त्या आपल्या पोराचीच बाजू घेणार. तशा त्या यांच्याशी फार बोलतही नाहीत. गरजेपुरतं बोलतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच पाहते.

९ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस झाले, बाहेरच्या खोलीत झोपतात. म्हणे, बियाण्याची पोती राखायची आहेत. इतकी वर्षं पोती आपली आपण राहिली.

माझ्याशी बोलताना तोंडावर हात धरतात. डोळ्यांत पाहत नाहीत. आज अंगणवाडीत खिचडी वाटून झाल्यावर मी ओमेश्वरीला सांगून टाकलं. ती आमची मदतनीस, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, दोन गावं पाहिलेली बाई. तिने भांडी घासता घासता ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, माणूस तोंड लपवते म्हंजे काहीतरी लपवूनच राहिला. माझ्या जेठानं असंच केलतं. नंतर गोंदियात दुसरं घर निघालं."



११ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

काल हे गोंदियाला गेले होते. परवान्याच्या कामाला जातो म्हणाले. परवाना कालच नवीन करायचा नव्हता, तो मार्चमध्ये असतो. एवढं मला कळतं. आज त्या पँटच्या मागच्या खिशात घडी घातलेला कागद मिळाला. वहीच्या पानाचा तुकडा. वर बाईचं अक्षर, गोल आणि सुंदर:

"सोनिका. शनिवार, सकाळी ११. येताना खाऊन या." खाली मोबाईल नंबर.

मी तो कागद किती वेळा वाचला ते सांगता येणार नाही. येताना खाऊन या. म्हणजे जेवायला थांबणार नाहीत, फक्त भेटणार. नंबर मी शेवटच्या पानावर उतरवून घेतला आणि कागदाचे तुकडे करून चुलीत घातले. यांना विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज खूश होते. गुंजनला मांडीवर घेऊन तिचा गणिताचा पेपर पाहिला, दोन वाट्या भात खाल्ला. मंगळवारी तिला भेटून आले आणि गुरुवारी घरात हसून राहिले. मला सगळं दिसतं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बालदिन. अंगणवाडीत पोरांना फुगे वाटायचे होते. पण मी सकाळीच गाडीची चावी तांदळाच्या कोठीत टाकली आणि मगच आंघोळ केली.

साडेनऊला शोधाशोध सुरू झाली. "चावी कोठी आहे?" मी म्हटलं, "मले काय माहीत? तुमची चावी तुमी ठेवता." बाहेर जाऊन आले, परत आले. "गुंजननं घेतली का?" नाही म्हटलं. मग म्हणाले, "बसनं जाऊ का?" मी म्हटलं, "कायले? काय एवढं अडलं? मायचं डोकं फिरून राहिलं सकाळपासून, बीपी वाढला असन. तुमी घरी थांबा, मले अंगणवाडीत कार्यक्रम आहे."

सासूबाईंचं डोकं फिरत नव्हतं. मी खोटं बोलले. हे इथे लिहून ठेवते.

थांबले. अकरा वाजले तेव्हा मी फुगे फुगवत होते आणि माझ्या मनात एकच होतं, की आता ती वाट पाहत असेल. पाहू दे.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा खाणं बंद. तोंड पुन्हा पडलं. भेट झाली नाही ना.

ओमेश्वरीला सांगितलं तर ती म्हणाली, चावी किती दिवस लपवाल.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज गावात मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. दुपारी दंडारीचा नाच, नंतर नाटक, बाहेरगावचे पाहुणे घरोघरी. माझी धाकटी बहीण आली होती. हे दिवसभर दुकानाच्या मागे पोत्यांवर मफलर गुंडाळून बसून होते. मंडईला हे कधीच जात नाहीत. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं तेव्हा सासूबाई ताटावरून उठून गेल्या, म्हणून परत विचारलं नाही. एवढंच माहीत आहे की यांचा धाकटा भाऊ उमेंद्र आमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी, एकोणिसाव्या वर्षी गेला, आणि ते मंडईचे दिवस होते.

थंडी आहे, पण मफलर गालाला घट्ट बांधण्याइतकी नाही. मी चहा द्यायला गेले आणि मफलर खाली ओढला. डावा गाल सुजला होता. जबड्याच्या कडेपर्यंत, लिंबाएवढा, कातडी चकाकत होती.

"हे काय झालं?"

"पोतं उतरवताना लागलं."

"पोतं गालाले लागते?"

 सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मफलर पुन्हा वर घेतला.

पोतं लागून असा गाल होत नाही. मारलं आहे कोणीतरी. तिचे भाऊ असतील, नाहीतर नवरा असेल. काल हे तीन तास दुकानात नव्हते, म्हणे धान पाहायला शेतावर गेले होते.

१८ नोव्हेंबर, बुधवार

गावात सुई लावतात ते डॉक्टर आले. त्यांनी लांबूनच पाहिलं, मार आहे म्हणून सांगितलं होतं त्यांना, तर एक सुई दिली आणि शेकायला सांगितलं. सासूबाईंनी हळद आणि चुना गरम करून गालावर लेप थापला. वरून तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेक दिला. हे डोळे मिटून बसले होते. डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, कुठे मार खाल्ला ते सांगत नाही आणि सेवा आमच्याकडून घेतो.

अंगात ताप आहे.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

अंगणवाडीच्या मागे उभी राहून मी त्या नंबरवर फोन लावला. ओमेश्वरी जवळ होती.

एका बाईने उचलला. कोवळा आवाज, हिंदी. मी म्हटलं, टिकेश बिसेनच्या घरून बोलते.

"अरे, टिकेश जी आए नहीं शनिवार को," ती म्हणाली. "मैं एक घंटा रुकी थी उनके लिए. आप कौन?"

"त्यायची बायको."

तर तिला लाजही नाही. "अच्छा हुआ आपने फोन किया, मैं आपसे ही..." एवढं म्हणाली आणि मी फोन बंद केला. तिने दोनदा परत लावला. मी उचलला नाही. ओमेश्वरीने मला पाणी दिलं.

तिला माझ्याशीच बोलायचं होतं म्हणे. काय सांगणार होती? माझा नवरा मला मागणार होती?

घरी आले तर सूज गालावरून खाली उतरली होती, जबड्याखाली. ताप तसाच. ताकही पिता आलं नाही. मी विचारलं नाही, काय होते. उद्या विचारणार आहे, पण दुसरंच.

२० नोव्हेंबर, शुक्रवार (हे रविवारी लिहीत आहे)

शुक्रवारचं सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही.

सकाळी आठ वाजता गुंजन शाळेत गेली. सासूबाई अंगणात धान पाखडत होत्या. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. हे खाटेवर ताठ बसले होते, मान पुढे काढून. आडवं पडता येत नव्हतं. हातात टॉवेल होता, त्यात लाळ पुसत होते. खोलीत सडका वास होता. मला तेव्हाही काही कळलं नाही. मी तयारी करून गेले होते.

"सोनिका कोण आहे?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला गेले तर करंगळी जाईल एवढंच उघडलं. आवाज आला तो यांचा नव्हता, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. शब्द लागला नाही.

"कागद पाह्यला मी. शनिवार, अकरा वाजता. फोनही केला. आता सांगा."

यांनी हात पुढे केला, पेन पाहिजे म्हणून खूण केली. खिडकीत गुंजनची चित्रकलेची वही होती. तिच्या मागच्या पानावर यांनी लिहिलं. अक्षरं मोठी, वाकडी आली.

"दाताची डॉक्टर. दाढेत पू. मायले सांगू नको."

मी ते वाचलं. अंगणवाडीत मी बायांना धोक्याची लक्षणं शिकवते. ताप, गिळता न येणं, श्वासाला त्रास, ताबडतोब दवाखाना. भिंतीवर चित्रं लावली आहेत. ती चित्रं लेकरांची आहेत म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही की खाटेवर बसलेला माणूस तेच सगळं दाखवून राहिला आहे.

मुन्नालालची जीप चौकात उभी असते. मी तशीच धावले. सासूबाईंनी विचारलं, कुठे? मी सांगितलं, गोंदियाला, यांची दाढ पिकली आहे.

जीप दारात आणून यांना चढवलं तशा त्या आडव्या आल्या. सूप हातातच होतं.

"दात काढू देणार नाही. एक पोरगा दात काढूनच गेला माझा. यानंच नेलता त्याले, मंडईतल्या बाईजवळ, कपडा टाकून बसली होती ती. तिनं दाढ ओढली अन् तिसऱ्या दिवशी पोरगं गेलं. मी जिती आहे तोवरी या घरात कोणाचा दात निघणार नाही."

हे जीपमध्ये मागे बसले होते. मान खाली. तेव्हा मला कळलं की चौदा वर्षं या घरात हे दोघं एकमेकांशी गरजेपुरतं का बोलतात.

मी म्हटलं, "माय, सरका. नाहीतर संग बसा." त्या सूप घेऊनच चढल्या.

रस्ता अर्ध्या तासाचा. नागऱ्याचं देऊळ गेलं तसा यांचा श्वास घुरघुरायला लागला. मी त्या नंबरवर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी फक्त म्हटलं, टिकेशची बायको, आम्ही येतो, सूज गळ्यापर्यंत आली. ती म्हणाली, दवाखान्याच्या दारात उभी राहते.

उभी होती. पंचवीस-सव्वीसची मुलगी, पांढरा कोट, पायात घासलेल्या चपला. आणि मी लिहिते ते खरं लिहिते. नवरा जीपमध्ये घुरघुरत होता आणि मी तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे का ते पाहत होते.

तिने जीपमध्येच पाहिलं. हनुवटीखाली बोटांनी दाबलं, जीभ वर करायला सांगितली. जीभ वर आधीच उचलली होती, खालून सुजून. "थुंकी गिळता येते?" यांनी नाही म्हणून मान हलवली. "आडवं पडता येत नाही ना?" नाही. तिने माझा दंड धरला आणि आपल्या गोंदियाच्या मराठीत सांगितलं, "ही सूज आता दाढेची राहिली नाही. पू जिभेखाली उतरला आहे. आणखी उतरला तर श्वास बंद होणार. माझ्या दवाखान्यात हात लावणार नाही, मोठ्या दवाखान्यात चला. आडवं झोपवू नका, असंच बसू द्या." आणि स्वतः पुढच्या सीटवर बसली.

तिथे सगळं भराभर झालं. सलाईन, सुया, ऑक्सिजन. मोठ्या डॉक्टरांनी जबड्याखाली दोन जागी चीर देऊन पू काढला आणि नळ्या ठेवल्या. ती दाढही त्यातच काढली. माझी सही घेतली. मी सही करताना दारात पाहिलं. सासूबाई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर सूप. 

दुपारी चार वाजता बाहेर येऊन सांगितलं की श्वास ठीक आहे.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आवाज परत यायला लागला. सूज अर्धी उतरली. नळीतून अजून थोडं येतं. वाटीने पेज पाजली.

डॉक्टर सोनिका रोज येऊन पाहून जाते. आज तिने सांगितलं, हे दहा तारखेला आले तेव्हा दाढेच्या मुळाशी फोड होता, गालावर सूज नव्हती. तिने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि शनिवारी दाढ मोकळी करून पू काढू म्हणाली होती. उपाशी माणसाला चक्कर येते म्हणून खाऊन यायला सांगितलं होतं. यांनी गोळ्या दोन दिवस खाल्ल्या. दुखणं थांबलं तर बंद केल्या. "गोळीनं पू दबतो," ती म्हणाली, "निघत नाही. निघायला वाट करून द्यावी लागते. आणि शेक देणं तर चुकलंच."

मग तिने मला विचारलं, "शनिवारी काऊन आले नाहीत?"

मी म्हटलं, काम होतं. ती माझ्याकडे पाहतच होती. मला वाटतं तिला कळलं. किंवा नसेल कळलं, मला तसं वाटायची सवय झाली आहे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज सासूबाईंनी डॉक्टर सोनिकाला स्वतः थांबवलं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून विचारलं, "बाई, माझा लहान पोरगा दाढ काढून गेला. याची दाढ काढली, हा कसा नाही गेला?"

 ती स्टूल ओढून बसली. सगळं विचारलं. गाल सुजला होता का? सुजला होता. ताप होता? होता. तोंड उघडत होतं? नव्हतं. दाढ काढायच्या किती दिवस आधीपासून?

"आठ," सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवस मी लेप लावला."

"मी त्याला पाहिलं नाही आई, म्हणून पक्कं नाही सांगू शकत. उघड्यावर काढायलाही नको होती. पण तुम्ही सांगता त्यावरून तो दाढ काढल्यानं गेला असं वाटत नाही. पू आधीच आत पसरला होता. दवाखाना मिळायला पाहिजे होता, आधी."

 ती गेल्यावर सासूबाईंनी यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"तू पह्यल्या दिवशीच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "गोंदियाले नेऊ म्हणून. मीच नाही म्हटलं. मग तू कोठी नेशील? मंडईत बसली होती तिच्याजवळ नेलं."

हे छताकडे पाहत होते. "जाऊ दे माय."

"नाही जाऊ द्यायचं," त्या म्हणाल्या आणि खाटेवर बसल्या, यांच्या पायाशी. संध्याकाळी मी डबा घेऊन आले तरी तिथेच होत्या.

त्यांनी आठ दिवस धरून ठेवलं होतं. मी सहा दिवस धरून ठेवलं. चौदा तारीख ते वीस तारीख. ही डायरी मी यासाठीच सुरू केली होती ना, की तारीख सांगता आली पाहिजे.

२८ नोव्हेंबर, शनिवार

घरी आलो. जबड्याखाली पट्टी आहे. गुंजनने बाबांसाठी खिचडी कुस्करून दिली आणि घास गिळेपर्यंत समोर बसून राहिली.

ओमेश्वरीने विचारलं, मॅडम, ती बाई कोण निघाली? मी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, माझ्या जेठाचं तर खरं होतं.

२ डिसेंबर, बुधवार

आज सांगितलं.

दुपारी सासूबाई शेतावर गेल्या होत्या. हे ओट्यावर उन्हात बसले होते, गालावर हात फिरवत. मी समोर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. कागद जाळला ते, चावी कोठीत टाकली ते, सासूबाईंचं डोकं फिरत नव्हतं ते, फोन. लवंग आणि गुडाखूचंही सांगितलं. मान वर केली नाही.

त्यांनी गालावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "चावी कोठीत होती, मले माहीत होतं."

मी पाहिलं.

"दहा वाजता पाहली मी. धान मोजाचं माप घ्यायला गेलतो, तं तांदळात हात लागला चावीले. तशीच ठेवून देली."

"काऊन?"

"भेव लागत होतं. मंडई जवळ आलती. म्हटलं, चावी नाही भेटली तं जा लागत नाही." चपला पायात सरकवल्या. "तुले वाटून राहिलं का तुनं अडवलं. मी जातच नव्हतो."

आणि उठून दुकानाकडे गेले. बारा दिवस बंद होतं, गिऱ्हाईक परत जाऊन राहिले होते.

मी मागे बसून राहिले. चावी त्या दिवशी संध्याकाळी मीच काढली होती. ती अगदी तळाशी होती, मी टाकली तशी, कोपरापर्यंत हात घालावा लागला. माप वर ठेवलेलं असते. माप घेताना तांदळात एवढा खोल हात जात नाही.

म्हणजे त्यांना खरंच चावी मिळाली होती की माझं मन हलकं व्हावं म्हणून आत्ता ओट्यावर बसल्या बसल्या रचून सांगितलं, ते मला माहीत नाही. विचारून पाहता येईल. गुंजनला, सासूबाईंना, कोणाला तरी त्या दिवशी दहा वाजता हे कोठीजवळ दिसले असतील.

मी कोणालाच विचारणार नाही.